पत्रिकेतला ळ

जळगावातल्या एका प्रेसमध्ये मी लग्नपत्रिका लावते. तुळशीचं लग्न झालं की दिवसाला दहा-दहा प्रूफं निघतात. हल्ली बहुतेकांना वधूवरांची नावं आणि निमंत्रणाचा मजकूर ‘हाताने लिहिल्यासारखा’ हवा असतो. त्यासाठी लपेटीदार फॉन्ट असतात, आणि मीही वर्षानुवर्षं तेच वापरत आले.

तीन वर्षांपूर्वी अमळनेरहून एक आप्पा नातीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. त्यांनी नावं वाचली नाहीत. ‘आपले विनीत’खालच्या गावांवरून बोट फिरवत गेले: अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, भुसावळ, धुळे, जळगाव. मग म्हणाले, “हाई हातनं अक्षर नही शे, ताई. सगळा ळ एकच शे.”

मी पुन्हा पाहिलं. सहा गावं आणि सहाही ळ एका साच्यातले. खानदेशचा नकाशा ळ शिवाय लिहिताच येत नाही, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गंमत अशी की आमच्या अहिराणीत हा ळ उच्चारला जात नाही, तिथे य येतो. डोळा तो डोया, काळा तो काया. तोंडातून गेलेलं हे अक्षर आम्ही पत्रिकेवर मात्र न चुकता लिहितो.

आप्पांनी प्रूफ उलटं केलं, माझं पेन घेतलं आणि तीच गावं लिहून दाखवली. ‘अमळनेर’मधला ळ दोन अक्षरांमध्ये अंग चोरून बसला होता. ‘भुसावळ’मधल्या शेवटच्या ळ ला पुढे मोकळी जागा, म्हणून त्याचं शेपूट ऐटीत बाहेर गेलं होतं. ‘धुळे’त वर मात्रा यायची म्हणून तो थोडा खाली दबला होता. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

त्याच उन्हाळ्यात एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेले. तिथल्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी गोळा केलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. समर्थांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकिरामायणही तिथलंच. दासबोधाच्या 19व्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावरच आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असा त्याचा आग्रह. मला वाटलं, फॉन्ट तरी दुसरं काय करतो? पण जुनं पान जवळून पाहिलं की कळतं, हात एकच असतो आणि तरी अक्षरं एकमेकांची नक्कल नसतात. रेघ, उंची, काळेपणा सारखा. वळण मात्र शेजारच्या अक्षराला विचारून घेतलेलं.

धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे 31 डिसेंबर 1926ला धुळ्यात वारले, आणि दहा दिवसांच्या आत, 9 जानेवारी 1927ला मंडळ उभं राहिलं. मोडी कागदांची ओळख मला तिथूनच झाली. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. त्या लिपीत प्रत्येक अक्षर पुढच्याची वाट बघत असतं. छपाईचा खिळा नेमकं हेच विसरायला लावतो.

परतल्यावर बोरू तासला आणि फुलस्केप कागदावर ळ गिरवायला बसले. काप नीट तिरका नसला तर दोन्ही गोलांची जाडी बिघडते. मनाजोगे तीन ळ निवडले: मधला, शेवटचा आणि मात्रेखालचा. स्कॅन करून फॉन्टफोर्ज या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या कडा बांधल्या. शेजार बघून यातला कुठला ळ उमटावा, याचा नियम फॉन्टच्या आत लिहिता येतो. तो शिकायलाच एक पावसाळा गेला.

मग बाकीची अक्षरं. पहिली वेलांटी सगळ्यात हट्टी निघाली. ‘रि’ला पुरते ती ‘क्ति’ला आखूड पडते, म्हणून तिच्या पाच रुंदी केल्या. ल पाकळीचा आणि श देठाचा घेतला. शासनाच्या 2009च्या निर्णयातही तीच रूपं आहेत, पण माझं कारण साधं होतं: पाटीवर मला तसंच शिकवलं होतं. जोडाक्षरं अजून पूर्ण झालेली नाहीत. ‘सौ.’ आणि ‘चि.’ मात्र सुंदर उतरले आहेत, हे मी अभिमानाने सांगते.

गेल्या माघात आप्पा नातवाची पत्रिका घेऊन आले. मी काही न सांगता माझ्या फॉन्टमधलं प्रूफ पुढे ठेवलं. ते मोठ्याने वाचू लागले. “जयगाव, चायीसगाव...” तोंडात य आणि बोट दर वेळी ळ खाली थांबलेलं. ‘धुळे’शी आल्यावर त्यांनी चष्मा वर केला, प्रूफ खिडकीजवळ नेलं आणि म्हणाले, “धुयेनी मात्रा जरा दाटस.”

खरंच दाटत होती. त्या दुपारी मी ती केसभर वर घेतली आणि दुसरं प्रूफ काढलं.