दीड तासाचं नागपूर

नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबईहून नागपूर जेमतेम ६८५ किलोमीटर. जेट विमान एकदा वर गेलं की ताशी आठशेच्या घरात धावतं. म्हणजे हिशेबाने तासाच्या आतलं काम. तरी तिकिटावर दीड तास असतोच.

उरलेला वेळ बहुतेक जमिनीवर जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि आपण खिडकीतून पुढच्या विमानांची शेपटं मोजत बसतो. ही रांग वेळापत्रकात आधीच धरलेली असते. म्हणून एखाद्या दिवशी रांग नसली की विमान ‘वेळेआधी’ पोहोचतं, तशी घोषणा होते आणि लोक खूश होतात. मीही होतो. हिवाळ्यात वरच्या थरातले पश्चिमेचे वारे जाताना पाठ ढकलतात, येताना तोंडावर येतात. परतीला तेवढंच अंतर जरा लांबतं.

सूर्याचा हिशेब आणखी निराळा. नागपूर सहा अंश पूर्वेला, त्यामुळे तिथे तो मुंबईपेक्षा पंचवीसएक मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी जातो. डिसेंबरात अधिवेशनाला गेलेल्या मुंबईकराला सहाच्या आतच दिवे लागलेले दिसतात. घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच.

रेल्वेने ८३७ किलोमीटर आणि एक अख्खी रात्र. भुसावळ, अकोला, बडनेरा झोपेत मागे पडतात. समृद्धी महामार्ग आमण्यापासून शिवमडक्यापर्यंत ७०१ किलोमीटर. रस्त्यानेही आता विमानाची सरळ रेघ जवळपास गाठली म्हणायची.

पण या आकाशातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट प्रवाशांची नाहीच, पत्रांची आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन उडे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगावला उतरत. सारा देश झोपलेला, आणि तिथे मात्र थैल्यांची अदलाबदल. मद्रासची थैली दिल्लीच्या विमानात, दिल्लीची कलकत्त्याच्या. मग चारही विमानं आपापल्या गावी माघारी. संध्याकाळी मुंबईत पडलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! गंमत म्हणजे तेव्हा मुंबईतली काही घड्याळं अजून ‘मुंबई टाइम’ पाळत होती, देशाच्या ३९ मिनिटं मागे.

चौघांनी एकाच वेळी भेटायचं, तर अंतरं सारखी नकोत का? तशी ती नव्हतीच. दिल्ली साडेआठशे किलोमीटर, मद्रास नऊशे, कलकत्ता हजाराच्या जवळ. त्या काळच्या पंख्याच्या विमानांना एवढा पल्ला म्हणजे काही तासांचा मामला. तेव्हा कलकत्त्याच्या वैमानिकाला जेवण लवकर उरकावं लागत असणार. मुंबईवाला निवांत. त्याचं अंतर चौघांत सगळ्यात कमी.