लांडगा, १४१४ आणि आबांची तलवार

ड्युसेलडॉर्फला ऑनसाइट गेलेला मराठी माणूस वीकेंडला काय करतो? अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, नाहीतर ताणून झोप. मी मात्र लोकल पकडून सोलिंगेन गाठलं. भारीतल्या किचन नाइफवर ज्याचं नाव असतं ना, तेच हे गाव. पण मला सुऱ्यांत इंटरेस्ट नव्हता. माझ्या मोबाइलमध्ये सातारकडच्या आमच्या देवघरातल्या तलवारीचे फोटो होते.

सरळ, दुधारी, लांबलचक पातं. त्यावर चार रेघांत कोरलेला कुत्रा आणि आकडा, १४१४. ‘सहाशे वर्षांची हाय,’ दर दसऱ्याला आबा सांगणार. काका म्हणणार, इसवी सन नव्हे, शके! यावरून दोघं दोन वर्षं बोलत नव्हते, खोटं नाही सांगत.

ग्रेफ्राथ हा सोलिंगेनचा जुना भाग. काळ्या पाटीच्या दगडाने मढवलेली घरं, हिरव्या झडपा, वर जुना मठ. त्या मठातच पात्यांचं म्युझियम आहे. आत गेलो आणि काचेपलीकडे आमचा कुत्रा! तो लांडगा निघाला. मूळ छाप पासाऊ गावची, पितळ भरून उठवलेली. पासाऊचं नाव मोठं, म्हणून सोलिंगेनच्या कारागिरांनीही तो सर्रास ठोकला. ब्रँडची कॉपी काही आजची नाही.

आणि १४१४? तिथल्या बाईंनी फोटो पाहिले आणि हसल्या. असे आकडे बहुतेकदा साल नसतातच. शुभ मानून ते पुढे दोनेकशे वर्षं ठोकले जात, असं जाणकार मानतात.

मग काळ ठरवायचा कसा? पात्याचा आकार बघायचा, खोबणी बघायच्या आणि मुठीची फॅशन. हाताशी दोन भोकाभोकांच्या पत्र्या आणि अंगठ्यासाठी कडी असेल, तर वालून तलवार, सतराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण मुठीवर डोळे झाकून विश्वास नको. इंग्लंडमध्ये मुठीवर कोरलेल्या डोक्याला १६४९ मध्ये शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स समजून कलेक्टरांनी एका प्रकाराला ‘मॉर्च्युअरी’ नाव देऊन टाकलं. प्रत्यक्षात त्यातल्या कित्येक तलवारी राजा जिवंत असतानाच्या! शिवाय पातं टिकतं, मूठ बदलते. आमचंच बघा ना. पातं युरोपचं, मूठ दख्खनची, टोकाला दांडी असलेली. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पाती यायची, इथे मूठ बसायची, की झाली फिरंग.

‘फोटोवरून ठामपणे नाही सांगता येणार, पण सतरावं शतक वाटतं,’ बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन घरी फोन लावला. छातीत धडधड. एका फटक्यात आबांची दोनशे वर्षं कापायची होती.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘सतरावं म्हंजे... महाराजांच्या काळातली?’

‘असेल, आबा.’

‘आरं, मग आधी काकाला फोन लाव!’