नारळ आणि सुपारी

जड वस्तु लवकर पडते आणि हलकी उशिरां, ही समजूत सुशिक्षित घरांतूनही अजून गेलेली नाहीं. आमच्या कोल्हापूरच्या घरींच पाहा! पंक्तीला चार पदवीधर; पण माडीवरून नारळ आणि सुपारी एकदम सोडल्यास आधीं कोण पोंचेल, असें विचारतांच तिघांनीं नारळाच्या बाजूनें कौल दिला व चौथ्यानें मौन पाळलें. तेव्हां वादाचा निकाल चौकांतच लावला. नातवानें माडीवरून दोन्ही वस्तू एकाच क्षणीं सोडल्या; फरशीवर आवाज एकच झाला. नारळ फुटला तो चटणीस लागला, ही गोष्ट अलाहिदा.

ज्यांना प्रयोगापेक्षां वाद प्रिय, त्यांच्यासाठीं गॅलिलिओची एक युक्ति आहे. मोठा दगड जलद व लहान दगड सावकाश पडतो असें क्षणभर धरा. आतां दोन्ही एकत्र बांधा. लहान दगड मोठ्यास मागें ओढील, म्हणून जोडी मोठ्यापेक्षां सावकाश पडली पाहिजे. पण जोडीचें वजन तर अधिक, म्हणून ती अधिक जलद पडली पाहिजे! एकाच गृहीतापासून परस्परविरुद्ध दोन अनुमानें निघालीं, तेव्हां गृहीतच खोटें. आपल्या न्यायशास्त्रांत ज्यास 'तर्क' म्हणतात, तो हाच. हें १६३८ सालीं छापलें गेलें. पण काशीच्या एखाद्या नैयायिकानें सभेंत मांडावें तसेंच तें वाटतें.

पीस रेंगाळतें तें हवेमुळें. १९७१ सालीं चंद्रावर, जेथें हवा नाहीं, डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानें हातोडा व पीस एकदम सोडलें, तीं बरोबरच खालीं आलीं. येथें हवेचा अडथळा वजा केल्यास कोणतीही वस्तु पहिल्या सेकंदांत सुमारें १६ फूट पडते, दुसऱ्यांत ४८, तिसऱ्यांत ८०. म्हणजे एक, तीन, पांच अशा पटीनें.

मग नारळावर पृथ्वीची ओढ अधिक नाहीं काय? आहेच. पण त्याला हलवावयासही तितकाच अधिक जोर लागतो. ओढ पन्नासपट, तर जडत्वही पन्नासपट, हिशेब फिटला.

यावर आमचे धाकटे बंधु म्हणाले, "अण्णा, हें सारें भास्कराचार्यांनीं आधींच सांगितलें आहे." संस्कृताचा अभिमान मलाही आहे, आणि पोरें ऐकत होतीं, म्हणून हें वाक्य मीं तसेंच जाऊं दिलें नाहीं. ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणीं'त आचार्य म्हणतात, कीं पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति आहे. आकाशांतील जड वस्तु ती आपल्याकडे ओढते, तेंच आपणांस पडणें दिसतें. सभोंवार आकाश सारखेंच असतां पृथ्वी स्वतः पडेल कोठें, हाही त्यांचाच प्रश्न. केवढी ही झेप! पण ओढ किती, अंतराबरोबर ती कशी घटते, याचें माप तेथें नाहीं. तें न्यूटननें १६८७ सालीं दिलें. वैशेषिकांचें 'गुरुत्व' तर पडणाऱ्या वस्तूचाच गुण, पृथ्वीची ओढ नव्हे. मुलांना नसलेलें श्रेय सांगितलें, कीं पुढें तीं खरें श्रेयही मानीत नाहींत. वर्गांत हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे.

अभिमानच धरावयाचा, तर आपल्या गांवांतही जागा आहे. गॅलिलिओच्या त्या ग्रंथानंतर बरोबर तीनशें वर्षांनीं, १९ जुलै १९३८ रोजीं, जयंत विष्णु नारळीकर कोल्हापुरांत जन्मले. (नारळाच्या गोष्टींत नारळीकर यावे, हा निव्वळ योगायोग!) वडील काशी हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक व सापेक्षतेचे अभ्यासक, आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. १९६४ सालीं फ्रेड हॉइल यांच्यासह नारळीकरांनीं गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धांत मांडला, त्यांत वरच्या हिशेबांतलाच प्रश्न होता: वस्तूला जडत्व येतें कोठून? त्यांचें उत्तर असें, कीं तें तिचें एकटीचें नव्हे. विश्वांतील इतर सर्व द्रव्यामुळें तें तिला लाभतें. हा सिद्धांत सर्वमान्य झाला नाहीं. आइन्स्टाइनचाच पक्ष आजही प्रबळ आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यास निवर्तले. गुरुत्व हा वस्तूचा स्वतःचाच गुण मानणाऱ्या वैशेषिकांशीं त्यांचा वाद मोठा रंगला असता.