चार दिवसांची मुलगी आणि एक जुना व्रण

दुल्हनचा फोन रात्री साडेअकराला आला. दुल्हन म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला सात वर्षं झाली तरी घरात तिला सगळे दुल्हनच म्हणतात. "आपा, बच्ची को..." एवढं बोलून ती थांबली. मग अगदी कुजबुजत म्हणाली, "लंगोट पे खून दिख्या."

मुलगी तेव्हा चार दिवसांची होती. आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आणलेली. दुल्हनने तो लंगोट अंधारात मोरीत धुऊन टाकला होता आणि घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं, शेजारी झोपलेल्या नवऱ्यालाही नाही. पोटच्या चार दिवसांच्या पोरीचं रक्त आईला लपवावंसं वाटतं, कारण ते "तिथून" आलेलं असतं. त्या रात्री मला रक्तापेक्षा याचीच जास्त भीती वाटली.

मी तिला विचारलं, डाग केवढा? रुपयाएवढा, गुलाबी, थोडा चिकट. दूध पिते का? पिते. नाळेतून, नाकातोंडातून, शीतून कुठे रक्त? नाही. जन्मल्यावर मांडीत व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का? तिला आठवत नव्हतं. म्हटलं, डिस्चार्जच्या कागदावर बघ. कागदावर नोंद होती. मग मी म्हणाले, "सकाळी डॉक्टरांना दाखवू, पण आता झोप. हे होतं. पुष्कळ मुलींना होतं."

सकाळी डॉक्टरांनी तपासलं आणि तेच सांगितलं. पण त्यांच्याकडे बाहेर रांग होती. त्यांनी "हार्मोनमुळे आहे, नॉर्मल आहे" एवढ्या दोन वाक्यांत विषय संपवला. रिक्षात बसल्यावर दुल्हन म्हणाली, "इतकीशी बच्ची, तिच्यात कसले हार्मोन?" प्रश्न अगदी बरोबर होता. बीएडला असताना आम्हाला 'वाढ आणि विकास' हा भाग होता, आणि त्यात संप्रेरकं उगवायची ती थेट किशोरावस्थेच्या प्रकरणात. त्याआधीचं मूल म्हणजे जणू कोरी पाटी.

ते तसं नसतं. पोटात असताना बाळाला वारेतून आईच्या बाजूचं इस्ट्रोजेन भरपूर मिळत असतं. मुलगी असेल तर तिच्या इवल्याशा गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याने थोडं जाड होतं. मग बाळ जन्मतं, नाळ कापतात, वार पडते, आणि तो पुरवठा एका झटक्यात बंद. दोन-चार दिवसांत इस्ट्रोजेन उतरतं आणि ते अस्तर सुटून येतं. आपल्याला दर महिन्याला होतं त्यातलाच हा प्रकार, फक्त थेंबभर आणि एकदाच. पांढरा स्रावही त्यातलाच. मुलगा असो की मुलगी, पहिल्या दिवसांत लघवीचा विटकरी डाग पडतो, तो वेगळा. ते रक्त नसतं, घट्ट लघवीतले क्षार असतात. दूध वाढलं की जातो.

रिक्षात मी दुल्हनला आणखी एक गोष्ट सांगितली, कारण तिच्या डोक्यात काय घोळत होतं ते मला कळत होतं. फिक्हच्या किताबांत नऊ चांद्रवर्षांच्या आतल्या मुलीचं रक्त हैज धरतच नाहीत. म्हणजे आपल्या उलमांनीही ते वेगळं काढून ठेवलंय. नापाकी, नहूसत, नजर असलं काही या मुलीला चिकटवू नको. ती पहिल्यांदाच थोडी हसली.

खरी परीक्षा घरी होती. अम्मी खोबरेल तेलाची वाटी कोमट करून बसली होती. मुलीचं झबलं वर केलेलं. दोन्ही बाजूंना छातीखाली बोराएवढ्या गाठी होत्या आणि एका बाजूला दुधासारखा एक थेंब आला होता. अम्मी म्हणाली, "दूध भर्‍या है. हल्लू हात से निकाल देती मैं, नै तो गाठ होती."

मी ती वाटी तिच्या हातातून काढून घेतली. जरा जोरातच. तेल चादरीवर सांडलं.

माझा मुलगा आज एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या छातीवर डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढा व्रण आहे. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी होते. बाळ बारा-तेरा दिवसांचं असताना न्हाऊ घालायला येणाऱ्या दाई-खालाने त्याची छाती बघितली आणि म्हणाली, दूध आहे, पिळून काढायला हवं, पोराच्या अंगात राहिलं तर वाईट. रोज आंघोळीच्या वेळी ती अंगठा आणि बोटाने दाबायची. पोरगं निळं-लाल होईपर्यंत रडायचं. तिसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, हात धर त्याचे. मी धरले. बीएडची पदवी ट्रंकेत होती आणि मी हात धरले.

आठवडाभरात डावी बाजू लालभडक, गरम आणि कडक झाली. बाळ दूध घेईना, अंग तापलं. तालुक्याच्या गावी नेलं. तिथे भूल देऊन चीर दिली, पू काढला. पाच दिवस सलाइनमधून प्रतिजैविकं. चिलल्याचे चाळीस दिवस मी दवाखान्याच्या बाकावर मोजले. तिथल्या नर्सने एवढंच विचारलं, "पिळलं होतं का?" मी "नाही" म्हणाले. आयुष्यात मी जी काही खोटं बोलले असेन त्यातलं हे एक मला पुन्हापुन्हा आठवतं.

नंतर मिळेल तिथून वाचत गेले, थोडं इंग्रजीतून, थोडं बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका पालकांना पिडून. ती गाठ मुलाला होते, मुलीलाही होते. पूर्ण दिवस भरलेल्या बाळांत तर ती इतकी सर्रास दिसते की तिला आजार म्हणणंच चूक. आईच्या इस्ट्रोजेनने छातीतली ऊती वाढलेली असते. जन्मानंतर इस्ट्रोजेन उतरलं की बाळाच्या स्वतःच्या पिट्युटरीतलं प्रोलॅक्टिन मोकळं होतं, आणि खरोखरच थोडं दूध तयार होतं. काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत ते आपोआप ओसरतं. मुलींत थोडं जास्त रेंगाळतं. युरोपात जुन्या काळी याला चेटकिणीचं दूध म्हणायचे, म्हणजे भीती काही आपल्याच गल्लीत नव्हती.

आणि पिळण्याचा हिशेब असा उलटा आहे: दूध काढलं की शरीराला वाटतं दूध हवंय, म्हणून ते आणखी तयार होतं. आईच्या बाबतीत जे आपण सगळ्या जाणतो ते बाळाच्या बाबतीत विसरतो. शिवाय त्या कोवळ्या कातडीला सूक्ष्म जखमा होतात आणि कातडीवरचे जंतू आत जातात. मुलीच्या बाबतीत तर आतली ऊती दुखावली तर पुढे मोठेपणी त्या बाजूच्या वाढीत फरक राहू शकतो. हात लावू नये, शेक देऊ नये, घट्ट बांधू नये. एकच बाजू लाल, गरम झाली, पू आला, ताप आला, किंवा बाळ मलूल होऊन दूध सोडू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्ताचंही तसंच. पहिल्या आठवड्यातला डाग ठीक, पण जास्त जात असेल, थांबत नसेल किंवा नाळेतून, शीतून येत असेल तर घरी बसायचं नाही.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढचं वाचताना. आईकडून आलेलं ओसरल्यावर गोष्ट संपत नाही. साधारण पहिल्या आठवड्यानंतर बाळाची स्वतःची पिट्युटरी जागी होते. एलएच आणि एफएसएच ही तीच दोन संप्रेरकं, जी पुढे मूल वयात येताना वाढतात. पहिल्या ते तिसऱ्या महिन्यांत ती चढतात, मुलांत टेस्टोस्टेरॉन वाढतं, आणि सहा महिन्यांच्या आसपास सगळं परत खाली येतं. मुलींत एफएसएच त्याहून जास्त काळ वर राहतं. नंतर हे यंत्र अनेक वर्षं झोपतं आणि खरं वय आलं की उठतं. संशोधकांच्या ध्यानात हे 1970च्या दशकात आलं. इंग्रजीत याला मिनी प्युबर्टी म्हणतात. मी वर्गात 'बालिग' आणि 'नाबालिग' हे विरुद्धार्थी शब्द म्हणून फळ्यावर लिहिते, आणि इथे तीन महिन्यांचं पाळण्यातलं मूल मधल्यामध्ये बुलूगतची रंगीत तालीम करून जातं!

या तालमीला अर्थ आहे. मुलग्यांची जननेंद्रियं या महिन्यांत वाढतात. जन्मतः वृषण खाली उतरलेला नसेल तर बऱ्याचदा याच काळात उतरतो. सहा महिन्यांपर्यंत नाही उतरला तर वाट बघायची नसते, शस्त्रक्रियेसाठी दाखवायचं असतं. "मोठा झाल्यावर उतरेल" हे ऐकून पाच-पाच वर्षं थांबलेले पालक माझ्या शाळेतही आहेत. एक-दोन महिन्यांच्या बाळाच्या गालांवर पुटकुळ्या येतात, त्यामागेही बऱ्याच अंशी ही संप्रेरकंच असतात. आपण मात्र आईला म्हणतो, तू तिखट खाल्लंस.

'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1905मध्ये वापरात आणला, ग्रीकमधून. अर्थ चेतवणारा, हलवणारा. मराठीतला 'संप्रेरक' जड वाटतो खरा, पण त्यात प्रेरणा आहे, आणि तो मला आवडतो. घरी मात्र असल्या शब्दाचा काही उपयोग नाही. अम्मीला मी म्हणाले, "अम्मी, वारेतून आलेलं आईचं बळ आहे ते, उतरतंय. उतरू दे." हे तिला पटलं. तेल सांडल्याचा राग मात्र दोन दिवस राहिला.

सातव्या दिवशी अकीका होता. माझा मुलगा हॉस्टेलवरून आला. जावळ काढलेली बच्ची मांडीवर घेऊन बसला असताना आत बायकांचं बोलणं त्याच्या कानावर गेलं असावं. संध्याकाळी गच्चीवर त्याने विचारलं, "अम्मी, माझं गळू त्यामुळेच झालं होतं?"

एकोणीस वर्षं मी त्याला "गळू झालं होतं" एवढंच सांगत आले होते. आता सगळं सांगितलं, हात धरल्याचंही. तो शर्टावरून त्या जागी बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "नानीला माहीत आहे?"

"दाईला बोलावणारी तीच होती."

"मग तिला नको बोलू आता काही."

आम्ही खाली आलो तेव्हा अम्मी बच्चीच्या पायांना तेल चोळत होती. मला बघून तिने झबलं खाली ओढून नीट केलं आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, "छाती को हात नक्को लगाव, टीचर आई."