जामनेर ते लंडन

मुंबई ते लंडन हें अंतर आकाशमार्गानें सुमारें ७,२०० किलोमीटर आहे, आणि मध्यें न थांबणारें विमान तें नऊ-दहा तासांत तोडतें. धाकटे भाऊजी अनेक वर्षें लंडनला असल्यामुळें हे आंकडे आमच्या जामनेरच्या घरांत लहानथोरांस पाठ आहेत. जामनेर ते मुंबई हा भाग मात्र या हिशेबांत कोणी धरीत नाहीं. आधीं मोटारीनें जळगांव, मग रात्रीची आगगाडी, मग मुंबईची गर्दी, आणि विमानतळावर तीन तास आधीं हजेरी! विमानाचें चाक जमिनीवरून उचलेपर्यंत जवळजवळ तितकाच वेळ खर्चीं पडलेला असतो.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. तो सिंध व इराणवरून कॅस्पियन समुद्राकडे कलतो. सपाट नकाशावरची सरळ रेघ ही सरळ वाट नव्हेच. आणि ही वाटहि नेहमीं मोकळी नसते. २०१९ सालीं फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानानें आपलें आकाश बंद ठेविलें होतें, तेव्हां विमानांस वळसा पडला. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ प्रथम लंडनला निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें विसावा घेत. उंचावर वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून परततांना वेळ कमी लागतो, हें मीं एकदां सासूबाईंना सांगितलें. “बरोबरच आहे,” त्या म्हणाल्या, “घराकडे पाय लवकर उचलतो.”

त्यांचें माप निराळें होतें. जामनेरहून पहूर, शेंदुर्णी करीत पाचोऱ्यास जाणारी अरुंद रुळांची गाडी २०२० सालीं बंद पडली. तिला सारे ‘पीजे’ म्हणत. सासूबाईंचें माहेर पाचोऱ्याचें. वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हां त्या दिवसाची गाडी सुटून गेलेली होती. दुसऱ्या दिवशीं त्या पोंचल्या, तों अंगण सारवून झालें होतें. अंतर अवघें छपन्न किलोमीटर!

म्हणून त्यांनीं आम्हांस आधींच बजाविलें होतें, “मला छपन्न गांठतां आले नाहींत, त्याला सात हजारांचा बोल लावूं नका. मला बर्फावर ठेवूं नका. घरांत जो असेल त्यानें अग्नि द्यावा.”

गेल्या पौषांत पहाटे साडेतीनला त्या गेल्या. लंडनला तेव्हां आदल्या रात्रीचे दहा वाजले होते. “धाकट्यासाठीं एक दिवस थांबा,” असें नात्यांतील वडीलधाऱ्यांचें म्हणणें पडलें. माया त्यांचीहि खोटी नव्हती. पण ज्यांचें शब्द त्यांचेच मानावे, असें मला वाटलें, आणि तसें मीं स्पष्ट बोलून दाखविलें. फोनवर भाऊजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वहिनी, आईनें सांगितलें तसें करा.” यांनीं त्याच दिवशीं अग्नि दिला.

भाऊजी दुसऱ्या दिवशीं दुपारीं अंगणांत उतरले. प्रवासाच्या तासांविषयीं कोणी विचारलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं अस्थि गोळा झाल्यावर यांनीं कलश त्यांच्या हातीं दिला, आणि दोघे भाऊ तापीकडे निघाले.