मीटरला विचारा

परवा भोसरीच्या जुन्या वर्कशॉपमध्ये सहज डोकावलो. कोपऱ्यातल्या रॅकवर तोच मल्टिमीटर, एचपीचा ३४४०१ए. (एचपीचं १९९९ मध्ये एजिलंट झालं, २०१४ मध्ये कीसाइट; आम्ही आपले एचपीच म्हणत राहिलो.) त्याला बघितलं आणि २००६ मधली एक गोष्ट आठवली. तेव्हा ती कुणालाच सांगितली नव्हती.

आमच्याकडे १० व्होल्टचे रेफरन्स बनायचे. नग ओव्हनमध्ये ठेवायचा आणि रात्रभरात व्होल्टेज किती सरकतं ते बघायचं. हे काम काकांचं. काका नात्यातले नव्हेत, पण सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचेच काका. ते तिथेच सतरंजी टाकायचे, दर अर्ध्या तासाने गजर लावून उठायचे आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचे.

मी नवा, मॅन्युअल वाचून फुशारलेला. म्हटलं, काका, मीटरला स्वतःची मेमरी आहे, ५१२ रीडिंग मावतात! संगणक एकच होता, अकाउंट्सवाल्यांचा, रात्री बंद. म्हणून 'रीड' कमांड कामाची नव्हती, ती आकडे थेट संगणकाकडे धाडते. 'इनिशिएट' दिली की मात्र मीटर मोजतो आणि स्वतःपाशीच ठेवतो, सकाळी 'फेच' म्हणून मागून घ्यायचे. सिरियल केबल जोडली, आधी 'सिस्टिम रिमोट' पाठवलं, मग ट्रिगर डिले १२० सेकंद, सॅम्पल काउंट ५००. म्हणजे १००० मिनिटं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला इनिशिएट.

"घरी जा काका. परवा नातीचं बारसं आहे ना?"

"नक्की लक्षात ठेवेल तो?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं."

शनिवारी सकाळी पडद्यावर १० व्होल्ट व्यवस्थित दिसत होते. रिमोटची खूण तेवढी दिसत नव्हती. ती दिसत नाहीये हे मला दिसलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही. नऊ चाळीसला फेच पाठवलं. मीटर एकदाच 'बीप' करून गप्प. एरर विचारली तर उणे २३०, 'डेटा स्टेल'. स्टेल म्हणजे शिळा. शिळा कसला, ताटच रिकामं होतं!

वॉचमन म्हणाला, "पहाटे दोन मिनिटं लाईट गेली होती साहेब." वीज गेली की ती मेमरी पुसली जाते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, मीच भरभर वाचलं होतं. लाईट आल्यावर मीटर आपोआप डीसी व्होल्टवर सुरू होतो, म्हणून पडदा सगळं आलबेल असल्यासारखा. यूपीएस होता हो, बंद असलेल्या संगणकाला लावलेला. (पुढे ३४४१०ए मध्ये वीज गेली तरी टिकणारी मेमरी आली, पण तिच्यात आकडे हलवायला वेगळी कमांड द्यावीच लागते.)

काका दहाला आले. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. "सोमवारी माल जायचाय. आज परत लावू."

बस्स. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मीटर यूपीएसवर होता. तरी काका थांबले, मीही थांबलो. घरी बारशाची माणसं जमलेली, सारखे फोन येत होते. ते बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायचे आणि अर्ध्या तासाने उठून आकडा लिहायचे. आता गरज नाही, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि गिळलं.

रविवारी नऊ चाळीसला फेच. पाचशे आकडे सरसर उतरले. काका म्हणाले, "मधले कुठलेही तीन सांग." सांगितले. रजिस्टरशी जुळले. मग त्यांनी शर्ट बदलला, "येतोस ना?" म्हणाले. मी काम आहे म्हणून सांगितलं. काम काही नव्हतं.

ती नात आता कॉलेजात आहे म्हणे.

परवा मीटरच्या खालच्या फळीवर ते रजिस्टरही सापडलं. त्या शुक्रवारचं पान उघडलं. वर काकांच्या अक्षरात तारीख, नगाचा नंबर. खाली पट्टीने आखलेले रकाने सगळे कोरे, आणि पहिल्या ओळीत एकच शब्द, 'मीटरमध्ये'.