मणिबेली : समुद्र नसलेल्या जिल्ह्यातील बंदर

१/१२
नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही या जिल्ह्यात अशी गावे आहेत, जिथे डॉक्टर, धान्य आणि मतदान यंत्रेही पाण्यावरून येतात. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे त्यांपैकी एक. बंदर होण्याचा त्याचा इतिहास जेमतेम तीन दशकांचा. गाव मात्र त्याहून कितीतरी जुने. हा थ्रेड त्या दोन्हींविषयी.

२/१२
नर्मदा महाराष्ट्राला केवळ स्पर्श करते. सुमारे ५४ किलोमीटर ती राज्याची उत्तर सीमा होऊन वाहते. दक्षिणेला सातपुड्याच्या रांगा, पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. या काठाच्या पश्चिम टोकाला मणिबेली आहे. निवडणूक आयोगाच्या यादीत महाराष्ट्राचे पहिले मतदान केंद्र याच गावाचे.

३/१२
येथे येणाऱ्याला प्रथम दिसते ते संथ, रुंद पाणी आणि त्यात बुडालेले डोंगरांचे पायथे. घरे उतारांवर, पाड्यापाड्यांनी विखुरलेली. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की काठावर गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. ना धक्का, ना पायऱ्या. हा गाळ तुडवूनच बोट गाठावी लागते.

४/१२
पूर्वी या परिसराची ओळख होती ती शूलपाणेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे. भोवतालच्या अरण्याला परिक्रमावासी ‘शूलपाणीची झाडी’ म्हणत. या झाडीत भिल्ल यात्रेकरूंना लुटतात आणि तीही मैयाचीच इच्छा, अशी श्रद्धा होती. ते मंदिर आज पाण्याखाली आहे. नवे मंदिर गुजरातमध्ये गोरा येथे उभारले गेले.

५/१२
लिखित दस्तऐवजांत मात्र हा प्रदेश विरळच भेटतो. ब्रिटिश काळात येथे काठीसारखी मेवासी संस्थाने होती. पुढे बराच भाग वनखात्याकडे गेला. पिढ्यान्पिढ्या कसलेली जमीन अनेकांच्या नावावर कधी चढलीच नाही. सरकारी भाषेत ते ‘अतिक्रमणधारक’ ठरले. पुढील साऱ्या संघर्षाचे मूळ या कोऱ्या कागदात आहे.

६/१२
५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी नवागाम येथे धरणाची कोनशिला बसवली. १९७९ मध्ये नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा आला. पाव हिश्श्याहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदार कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यावी, असे त्यात होते. महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित होणार होती. पण सातबाराच नसलेला शेतकरी ‘खातेदार’ कसा ठरणार?

७/१२
काही कुटुंबे गुजरातमधील परवेटा येथील वसाहतीत गेली. महाराष्ट्राने विस्थापितांसाठी तळोद्याचे सुमारे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र मोकळे केले. एक जंगल बुडणार म्हणून दुसरे तोडले गेले. नदीकाठच्या माणसाला सपाटीवर शेत मिळाले, तरी मासे, मोह, तेंदू आणि कुरण त्या मोजमापात बसत नव्हते.

८/१२
१९८५ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या विरोधानंतर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. जून १९९२ च्या अहवालात समितीने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबींवर कठोर ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारताने उर्वरित कर्ज नाकारले. धरणाचे काम मात्र चालू राहिले.

९/१२
धरणाच्या वरच्या अंगाला महाराष्ट्राचे पहिले गाव मणिबेलीच. म्हणून बुडण्याचा मानही त्याचाच. १९९१ पासून पावसाळ्यात येथे सत्याग्रह होऊ लागला. १९९३ च्या पावसाळ्यात पाणी घरांत शिरले. अनेकांनी गाव सोडले नाही. जे वाचले ते घेऊन ते वर डोंगरावर सरकले. आजचे मणिबेली म्हणजे ती वर सरकलेली वस्ती.

१०/१२
१९९४ मध्ये जगभरातील तीनशेहून अधिक संघटनांनी ‘मणिबेली जाहीरनाम्या’वर सह्या केल्या. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने अर्थसाहाय्य थांबवावे आणि आजवरच्या धरणांचे स्वतंत्र मूल्यमापन करावे, ही त्यातील मागणी. पुढे स्थापन झालेल्या जागतिक धरण आयोगाने २००० मध्ये अहवाल दिला. गावाची शेते पाण्याखाली जात होती, त्याच काळात त्याचे नाव वॉशिंग्टनला पोहोचले होते.

११/१२
१८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली. २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीच्या पूर्ण धरणाचे लोकार्पण झाले. सौराष्ट्र-कच्छच्या तहानलेल्या गावांना पाणी मिळाले, हेही इतिहासात नोंदवावेच लागेल. त्याच पाण्यावर आज नंदुरबार जिल्हा परिषदेचा तरंगता दवाखाना फिरतो. एक हिशेब दुसऱ्याने फिटत नाही. दोन्ही एकाच वहीत लिहावे लागतात.

१२/१२
१९९३ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना नदीचा उतार, वाळूतली वाडी, मंदिराची जत्रा ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे ती बोट. बुडालेल्या शेतांची नावे अजून काही वृद्धांच्या तोंडी आहेत. ती सातबाऱ्यावर कधी नव्हती आणि आता नकाशावरही नाहीत. सांगणारी माणसे आहेत तोवरच ती लिहून घेता येतील.